एका लॉकमागचा करार: अनेक थ्रेड आणि सामायिक डेटा

एका खात्यात १०,००० रुपये शिल्लक आहेत आणि त्यात एकाच वेळी दोन ठिकाणांहून भरणा होत आहे, एक ५०० रुपयांचा आणि दुसरा २०० रुपयांचा, असे समजा. प्रत्येक भरण्याचे काम प्रोग्राममधला एक स्वतंत्र थ्रेड, म्हणजे इतरांच्या बरोबरीने स्वतंत्रपणे चालणारा सूचनांचा एक प्रवाह, करतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ‘शिल्लक रकमेत भरणा मिळव’ अशा अर्थाची एकच ओळ लिहिलेली असते आणि वाचताना ती एकच क्रिया वाटते. प्रोसेसरला मात्र त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात. मेमरीतून शिल्लक वाचायची, तिच्यात रक्कम मिळवायची आणि आलेले उत्तर पुन्हा मेमरीत लिहायचे. पहिल्या थ्रेडने १०,००० हा आकडा वाचला आणि त्याचे उत्तर मेमरीत पोहोचण्याआधीच दुसऱ्या थ्रेडनेही १०,००० वाचले, तर पहिला १०,५०० लिहितो, दुसरा त्यावरच १०,२०० लिहितो, आणि ५०० रुपये हिशेबातून नाहीसे होतात. दोन्ही थ्रेडनी आपापले काम अचूक केलेले आहे, तरीही खाते चुकले आहे. निकाल कामांच्या वेळेच्या योगायोगावर अवलंबून राहण्याच्या या स्थितीला ‘रेस कंडिशन’ म्हणतात.

हे घडते, कारण एका प्रोग्राममधले सगळे थ्रेड एकच मेमरी वापरतात. आपल्या संगणकात किंवा फोनमध्ये अनेक कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे सूचना चालवणारे भाग) असल्यामुळे दोन थ्रेड खरोखरच एका क्षणी चालू असू शकतात. आणि कोअर एकच असला, तरी ऑपरेटिंग सिस्टिम एका थ्रेडला कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये थांबवून दुसऱ्याला पुढे सोडू शकते. वाचणे आणि लिहिणे यांमधला काळ काही नॅनोसेकंदांचा असतो, त्यामुळे दोन थ्रेड नेमके त्याच फटीत गाठ पडण्याची शक्यता एरवी फार थोडी असते. या प्रकारच्या चुकीचा खरा धोका या दुर्मीळपणातच आहे, असे मला वाटते. चाचणीत प्रोग्राम हजारदा बरोबर चालतो, मग प्रत्यक्ष वापरात गर्दी वाढली की एखाद्या दिवशी हिशेब जुळत नाही, आणि चूक शोधण्यासाठी मध्ये छापण्याच्या दोन ओळी घातल्या की वेळेचे गणित बदलून चूक दिसेनाशी होते.

या दुर्मीळपणाची किंमत किती मोठी असू शकते, हे थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राच्या इतिहासात दिसते. कॅनडात तयार झालेल्या या यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना ठरवलेल्या मात्रेच्या अनेक पट किरणोत्सार मिळाल्याचे अपघात नोंदले गेले आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. टेक्सासमधल्या टायलर येथील अपघातांमागे नेमकी सामायिक डेटाची चूक होती. यंत्र चालवणाऱ्याने उपचाराचा प्रकार आधी चुकीचा भरला आणि मग पडद्यावर वर जाऊन तो झटपट दुरुस्त केला. प्रोग्रामचा दुसरा भाग तेव्हा आधीच्या नोंदीनुसार चुंबके जुळवण्यात गुंतलेला होता. त्या कामाला सुमारे ८ सेकंद लागत, आणि तेवढ्या अवधीत झालेली दुरुस्ती त्याच्या लक्षातच येत नसे. दोन्ही भाग तीच व्हेरिएबल्स वापरत होते, पण एकाने ती बदलली हे दुसऱ्याला खात्रीने कळण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. सरावाने हात जलद चालू लागलेल्या माणसाकडूनच हा अपघात घडू शकत होता, म्हणून सावकाश केलेल्या चाचण्यांत तो दिसला नाही. आधीच्या थेरॅक-२० या यंत्रात अशीच चूक होती, पण त्यात सुरक्षेची स्वतंत्र विद्युत-यांत्रिक साधने असल्यामुळे फ्यूज उडण्यापलीकडे काही झाले नाही. नव्या यंत्रात ती साधने काढून सगळी भिस्त प्रोग्रामवर ठेवण्यात आली होती.

अशा गोंधळावरचा सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे लॉक. लॉकचे काम एकाच वाक्यात सांगता येते: एका वेळी ते एकाच थ्रेडला मिळते, आणि ते मागणाऱ्या बाकीच्या थ्रेडना पहिला ते सोडीपर्यंत थांबावे लागते. भरणा करणारा प्रत्येक थ्रेड आधी खात्याचे लॉक घेतो, मग शिल्लक वाचतो, बेरीज करतो, उत्तर लिहितो आणि लॉक सोडतो. त्यामुळे दुसऱ्या थ्रेडचे वाचन पहिल्याच्या लेखनानंतरच होते आणि १०,७०० हे बरोबर उत्तर मिळते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या बहुतेक चुका तिच्यातून निघतात. लॉक डेटाला कुलूप लावत नाही. एकेरी रेल्वेमार्गावर पूर्वी दोन स्थानकांमधल्या टापूसाठी एकच टोकन दिले जाई आणि ते हाती असल्याशिवाय चालकाने गाडी त्या टापूत न्यायची नाही असा नियम असे. टोकन स्वतः रुळांवर आडवे पडत नसे, सगळे चालक नियम पाळत म्हणून गाड्या समोरासमोर येत नसत. लॉकचेही तसेच आहे. प्रोग्राममधल्या नऊ ठिकाणी शिल्लक बदलण्याआधी लॉक घेतले आणि दहाव्या ठिकाणी कोणी ते न घेता थेट शिल्लक बदलली, तर बहुतेक प्रोग्रामिंग भाषा त्याला अडवणार नाहीत आणि बाकीच्या नऊ ठिकाणची शिस्त वाया जाईल. म्हणून लॉक हा मुळात एक करार आहे: ‘हा डेटा हे लॉक हाती असतानाच वाचायचा आणि बदलायचा’. कोणता डेटा आणि कोणते लॉक, ही जोडी लिहून ठेवलेली नसेल, तर तो करार केवळ लिहिणाऱ्याच्या मनात राहतो आणि दुसरा माणूस त्या प्रोग्रामला हात लावताच मोडतो.

एका वेळी एकालाच मिळणारी ही वस्तू बनवायची कशी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ‘लॉक मोकळे आहे का ते पाहा, असल्यास घेतले अशी खूण कर’ असे लिहिले, तर पाहणे आणि खूण करणे यांमध्ये पुन्हा तीच फट राहते आणि दोन थ्रेडना लॉक मोकळे दिसते. डच गणितज्ञ डेकर यांनी दोघांपुरता यावर उपाय शोधला, आणि १९६५ मध्ये एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी कितीही जणांसाठी चालणारा उपाय प्रसिद्ध केला. केवळ साधे वाचन आणि लेखन वापरून परस्परांना दूर ठेवता येते हे त्यातून सिद्ध झाले. आजचे प्रोसेसर मात्र यासाठी खास सूचना पुरवतात. ‘या जागी शून्य असेल तरच एक लिही, आणि जमले की नाही ते सांग’ एवढे सगळे अशी सूचना एकाच अखंड क्रियेत करते, आणि तिच्या मध्ये दुसरा कोणताही कोअर शिरू शकत नाही. लॉक मिळाले नाही तर थ्रेडने पुन्हा पुन्हा विचारत राहावे की ऑपरेटिंग सिस्टिमला सांगून झोपी जावे, हा पुढचा निर्णय. फार थोडा वेळ थांबायचे असेल तर विचारत राहणे परवडते, एरवी झोपणे बरे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २००२ च्या सुमारास आलेल्या फ्युटेक्स या सोयीने यातला चांगला मध्य साधला: लॉक मोकळे असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारण्याची गरजच नसते, तिची मदत थांबायची वेळ आली तरच घेतली जाते. त्यामुळे ‘लॉक महाग असते’ हे जे सर्रास सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. कोणी स्पर्धक नसताना लॉक घेणे अतिशय स्वस्त असते. महाग असते ती गर्दी.

लॉकचे दुसरे काम बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते ते पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. आपण लिहिलेल्या क्रमानेच मेमरीतली वाचने आणि लेखने होतात असे आपण गृहीत धरतो, पण वेग वाढवण्यासाठी कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या सूचनांमध्ये बदलणारा प्रोग्राम) आणि प्रोसेसर दोघेही हा क्रम बदलतात. एकाच थ्रेडकडे पाहिले तर त्या बदलाचा कधीच पत्ता लागत नाही, कारण त्याच्यापुरता निकाल तोच ठेवण्याची काळजी घेतलेली असते. दुसऱ्या थ्रेडला मात्र तो दिसू शकतो. एका थ्रेडने आधी अहवाल लिहिला आणि मग ‘तयार’ ही खूण केली, तरी दुसऱ्याला खूण नवी आणि अहवाल जुना दिसणे शक्य आहे. ‘थांब’ ही खूण होईपर्यंत फिरत राहणाऱ्या आवर्तनात (लूपमध्ये) कंपायलर ती खूण एकदाच वाचून ठेवू शकतो, आणि मग ते आवर्तन कधीच संपत नाही. लॉक सोडणे आणि तेच लॉक दुसऱ्याने घेणे या घटनांमध्ये भाषेने एक हमी दिलेली असते: पहिल्याने लॉक सोडण्याआधी जे जे लिहिले, ते सर्व दुसऱ्याला लॉक घेतल्यानंतर दिसेल. जावाने ही हमी २००४ मध्ये पाचव्या आवृत्तीत काटेकोरपणे मांडली आणि सी-प्लस-प्लसने २०११ च्या प्रमाणकात. म्हणूनच ‘मी फक्त वाचतो आहे, मला लॉक कशाला हवे’ हा युक्तिवाद चालत नाही. दुसरा कोणी तो डेटा बदलत असेल, तर वाचणाऱ्यालाही तेच लॉक घ्यावे लागते.

आता त्या कराराच्या व्याप्तीकडे वळू. प्रत्येक खात्याची ‘शिल्लक वाच’ आणि ‘शिल्लक लिही’ ही दोन्ही कार्ये (फंक्शन) लॉक घेऊन चालतात, म्हणून खाते सुरक्षित झाले, अशी समजूत फार वेळा आढळते. एक थ्रेड शिल्लक वाचतो, लॉक सोडतो, ८,००० रुपये काढण्याइतकी रक्कम आहे असे ठरवतो, पुन्हा लॉक घेऊन नवी शिल्लक लिहितो. दोन थ्रेडनी हेच एका वेळी केले, तर १०,००० रुपयांच्या खात्यातून १६,००० रुपये दिले जातात, आणि प्रत्येक वाचन व प्रत्येक लेखन लॉकखालीच झालेले असते. तपासणे आणि त्या तपासणीवर विसंबून कृती करणे या दोन्ही गोष्टी एकाच लॉकखाली, मध्ये ते न सोडता, झाल्या पाहिजेत. लॉक कोठे घ्यायचे आणि कोठे सोडायचे हे ठरवण्यासाठी ओळींकडे पाहून उपयोग नसतो. डेटाबद्दलचा कोणता नियम कायम खरा राहिला पाहिजे हे आधी विचारावे लागते. शिल्लक शून्याखाली जाता कामा नये, हा असा एक नियम. अ खात्यातून ब खात्यात पैसे वळवताना दोन्ही खात्यांची बेरीज बदलता कामा नये, हा दुसरा. बदल चालू असताना हा नियम क्षणभर मोडतोच, कारण अ मधून रक्कम निघालेली असते आणि ब मध्ये पोहोचलेली नसते. तो मोडलेला क्षण दुसऱ्या कोणाच्याही दृष्टीस पडू न देणे, एवढ्यासाठी लॉक असते.

नुसती एखादी संख्या १ ने वाढवायची असेल तर लॉकचीही गरज नाही. बहुतेक भाषांत त्यासाठी अखंड बेरजेची तयार सोय असते आणि ती वापरावी. मात्र दोन आकडे एकमेकांशी जुळते राहायला हवे असतील, तर दोन्ही वेगवेगळे अखंड करून भागत नाही. जावातील ‘व्होलाटाइल’ हा शब्द नवे मूल्य दिसण्याची हमी देतो, वाचून-वाढवून-लिहिण्याच्या अखंडतेची देत नाही. सी आणि सी-प्लस-प्लसमधला त्याच नावाचा शब्द तर थ्रेडसाठी मुळी केलेलाच नाही. पायथॉनच्या नेहमीच्या आवृत्तीत एका वेळी एकच थ्रेड पायथॉनच्या सूचना चालवू शकतो, कारण तिच्यात सगळ्यांवर एकच मोठे लॉक असते. पण ते लॉक पायथॉनच्या अंतर्गत रचनेच्या रक्षणासाठी आहे, तुमच्या खात्यातील बेरजेच्या नियमाची त्याला कल्पनाही नसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीपासून ते मोठे लॉक नसलेला पर्यायही उपलब्ध होऊ लागला आहे, त्यामुळे आजवर केवळ नशिबाने चाललेले प्रोग्राम पुन्हा तपासणे शहाणपणाचे ठरेल.

दोन खात्यांमधल्या व्यवहारासाठी दोन लॉक लागली की नवे संकट उभे राहते. एक थ्रेड अ मधून ब मध्ये पैसे पाठवण्यासाठी अ चे लॉक घेतो आणि ब च्या लॉकची वाट पाहतो; त्याच वेळी दुसरा थ्रेड ब मधून अ मध्ये पाठवण्यासाठी ब चे लॉक घेऊन अ च्या लॉकची वाट पाहतो. दोघेही कायमचे थांबतात. हा डेडलॉक. कॉफमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये यासाठी आवश्यक असलेल्या चार अटी मांडल्या: साधन एका वेळी एकालाच मिळते, एक हाती ठेवून दुसऱ्याची वाट पाहिली जाते, घेतलेले साधन जबरदस्तीने काढून घेता येत नाही, आणि वाट पाहणाऱ्यांची साखळी वर्तुळात मिटते. यांतली एक जरी अट मोडली तरी डेडलॉक होत नाही, आणि व्यवहारात सर्वांत सहज मोडता येते ती चौथी. पैसे कोणाकडून कोणाकडे जात आहेत याचा विचार न करता, दोन खात्यांपैकी लहान खाते क्रमांकाचे लॉक नेहमी आधी घ्यायचे असा नियम सर्वत्र पाळला, की वर्तुळ तयार होऊच शकत नाही. दोन्ही खाती एकच असतील तर काय, हेही तपासावे लागते, कारण साधे लॉक तोच थ्रेड दुसऱ्यांदा मागू लागला तर तो स्वतःचीच वाट पाहत बसतो. थांबण्याला वेळेची मर्यादा घालून, ती संपली की हातातली सगळी लॉक सोडून पुन्हा सुरुवात करणे हाही मार्ग आहे, पण मला तो दुय्यम वाटतो. क्रम ठरवण्यात एकदाच डोके चालवावे लागते, आणि त्यानंतर योगायोगाला वाव उरत नाही.

लॉक हाती असताना अनोळखी काम करू नये. लॉक घेऊन नेटवर्कवरून उत्तराची वाट पाहणे, डिस्कवर मोठी फाइल लिहिणे किंवा दुसऱ्याने दिलेले एखादे कार्य चालवणे यांत पहिला तोटा असा की तेवढा वेळ बाकी सगळे अडून राहतात, आणि दुसरा असा की ते कार्य आतून आणखी कोणते लॉक घेईल हे आपल्याला माहीत नसते, म्हणजे ठरवलेला क्रम आपल्या नकळत मोडू शकतो. मध्येच त्रुटी उद्भवून कार्य अर्ध्यावर सुटले तर लॉक सोडायचेच राहून जाते, म्हणून लॉक सोडण्याचे काम हाताने न लिहिता भाषेच्या स्वयंचलित सोयीवर सोपवावे. आज प्रचलित असलेल्या बहुतेक भाषांत ती आहे. मात्र लॉक आपोआप सुटले म्हणून डेटा पूर्ववत झाला असे होत नाही. अ मधून रक्कम काढल्यावर आणि ब मध्ये घालण्याआधी त्रुटी आली, तर मोडलेला नियमच सर्वांसमोर उघडा पडतो.

किती लॉक ठेवावीत, याला एकच उत्तर नाही. लिनक्सने १९९६ मध्ये अनेक प्रोसेसरना आधार द्यायला सुरुवात केली तेव्हा तिच्या संपूर्ण गाभ्यासाठी (कर्नलसाठी) एकच मोठे लॉक होते. ते समजायला सोपे होते, पण प्रोसेसर वाढले तसे सगळे त्याच्याच रांगेत उभे राहू लागले. ते तुकड्यातुकड्याने बदलून पूर्णपणे काढून टाकायला २०११ साल उजाडले, कारण कोणता डेटा त्या लॉकच्या भरवशावर आहे हे प्रत्येक ठिकाणी नव्याने शोधावे लागले. तरीही सुरुवात थोड्या आणि मोठ्या लॉकनी करावी, आणि मोजमापातून गर्दी दिसेल तिथेच तुकडे करावेत, असे मी सुचवीन. जितकी लॉक जास्त, तितके क्रम सांभाळणे कठीण.

लॉकमुळे कामाचा अग्रक्रमही उलटा होऊ शकतो. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान काही दिवसांनी वारंवार आपोआप पुन्हा सुरू होऊ लागले. हवामानाची निरीक्षणे गोळा करणारे कमी अग्रक्रमाचे काम एक लॉक धरून होते. यानातील माहितीची देवाणघेवाण सांभाळणारे वरच्या अग्रक्रमाचे काम त्याच लॉकसाठी थांबले होते. आणि मधल्या अग्रक्रमाच्या कामांनी प्रोसेसर ताब्यात घेतल्यामुळे पहिल्याला लॉक सोडण्याइतकीही संधी मिळत नव्हती. महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही हे पाहून देखरेख करणारी यंत्रणा सगळेच पुन्हा सुरू करत असे. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीत हा प्रकार पुन्हा घडवून आणला. लॉक धरणाऱ्याला त्याच्यासाठी थांबलेल्यांपैकी सर्वांत वरचा अग्रक्रम तात्पुरता देण्याची सोय त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होतीच. त्या लॉकसाठी ती बंद होती. पृथ्वीवरून पाठवलेल्या बदलाने ती चालू केल्यावर यान स्थिरावले.

करार पाळला जातो की नाही, हे तपासणारी साधने आता आहेत आणि ती न वापरण्याला मला सबळ कारण दिसत नाही. थ्रेड सॅनिटायझर हे साधन प्रोग्राम चालू असताना मेमरीच्या प्रत्येक वापरावर लक्ष ठेवते आणि एकाच जागेला दोन थ्रेडनी योग्य समन्वयाशिवाय हात लावला, त्यांतल्या किमान एकाने तिथे लिहिले, तर तसे सांगते. गो भाषेत त्याच तंत्रावर आधारलेली तपासणी अंगभूत आहे. लिनक्सच्या गाभ्यातली लॉकडेप ही यंत्रणा लॉक घेण्याचे क्रम नोंदवते आणि डेडलॉक प्रत्यक्ष घडण्याआधीच उलट क्रम दाखवून देते. दोन्हींची मर्यादा एकच आहे: चाचणीत जो मार्ग चाललाच नाही, त्याबद्दल ती काही सांगू शकत नाहीत. रस्ट भाषेने याहून पुढे जाऊन डेटा लॉकच्या आतच ठेवला आहे. लॉक घेतल्याशिवाय डेटापर्यंत पोहोचण्याची वाटच नसते आणि तसा प्रयत्न करणारा साधा प्रोग्राम कंपाइल होत नाही. डेटा आणि लॉक यांची जोडी लिहून ठेवण्याचे काम तिथे खुद्द भाषाच करते. परंतु कोणता नियम अखंड राहिला पाहिजे हे तिलाही माहीत नसते. शिल्लक पाहून लॉक सोडणारा आणि मग पुन्हा लॉक घेऊन ८,००० रुपये देणारा प्रोग्राम रस्टमध्येही बिनतक्रार कंपाइल होतो, आणि अ व ब ची लॉक उलटसुलट क्रमाने घेणाराही.